वाइल्ड बेट्टा आणि हायब्रिडचा घोळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे सध्या महाचाय आणि इम्बेलिस असे दोन प्रकारचे वाइल्ड बेट्टा, म्हणजे जंगली जातीचे छोटे मासे आहेत. भांडुपचा वन बीएचके, हॉलच्या भिंतीला लोखंडी रॅक आणि त्यावर सात टँक. कोणी घरी आलं किंवा फोटो बघितले की ठरलेले प्रश्न येतात, हे फायटरच ना, माझ्या हाफमूनशी (अर्धगोल शेपटीच्या पाळीव फायटरशी) क्रॉस करून देशील का, पिल्लं कितीला देणार. दर वेळी अर्धवट उत्तर दिलं जातं आणि मग मलाच चुटपुट लागते, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढलंय.

वाइल्ड बेट्टा म्हणजे नक्की काय? आपला दुकानातला फायटर तोच ना?

नात्यातला आहे, पण तोच नाही. दुकानात छोट्या बरणीत मिळतो तो लाल-निळा, मोठ्या शेपटीचा फायटर म्हणजे माणसाने पिढ्यानपिढ्या निवडून निवडून बनवलेला पाळीव मासा. त्याचा मूळ पूर्वज बेट्टा स्प्लेंडेन्स, मध्य थायलंडमधल्या भातखाचरांत आणि गवताळ उथळ पाण्यात राहणारा. तो दिसायला साधा असतो, तपकिरी अंग, आखूड पर, आणि रंग खुलला तरच लाल-निळी झाक दिसते. पाळीव मासा या जंगली माशापासून किमान हजार वर्षांपूर्वी वेगळा व्हायला लागला असं जनुकांवरून दिसतं.

आणि बेट्टा म्हणजे एक मासा नाही, या कुळात सत्तरच्या वर जाती आहेत. काही फेसाचं घरटं बांधतात, काहींमध्ये नर अंडी तोंडात धरून पिल्लं वाढवतो, काही अर्धा इंच काळ्या पाण्यात पडलेल्या पानांखाली आयुष्य काढतात. आपल्याकडे 'फायटर' या एकाच शब्दात सगळं बसवतात, तिथूनच गोंधळ सुरू होतो. तसा नावांचा घोळ जुनाच आहे म्हणा, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या थिओडोर कँटर नावाच्या डॅनिश डॉक्टरने १८४९ मध्ये या माशाला दुसऱ्याच नावाखाली नोंदवलं होतं, आणि स्प्लेंडेन्स हे नाव १९१० मध्ये रीगन या ब्रिटिश मत्स्यतज्ज्ञाने दिलं.

वेगळ्या जाती आहेत तर मिसळतात कशा? पिल्लं वांझ नाही होत?

हाच तर मुद्दा आहे. घोडा आणि गाढवाचं खेचर होतं आणि खेचर वांझ असतं, तिथे विषय संपतो. बेट्टामध्ये तसं होत नाही. स्प्लेंडेन्स, इम्बेलिस, स्मॅरॅग्डिना, महाचायेन्सिस (म्हणजेच महाचाय), स्टिक्टोस, सियामओरिएंटालिस हा जो जवळचा गट आहे त्यातले मासे एकमेकांशी सहज जमतात, नर घरटं बांधतो, अंडी उबतात, आणि ती पिल्लं मोठी होऊन त्यांनाही पिल्लं होतात. म्हणजे एकदा मिसळलं की ते पुढे पुढे पसरतच राहतं, कुठे थांबत नाही.

मग निसर्गात हे आधीच का नाही मिसळून गेले?

कारण भेटायचेच नाहीत ना. स्प्लेंडेन्स मध्य थायलंडचा, स्मॅरॅग्डिना ईशान्येकडचा आणि लाओसचा, इम्बेलिस दक्षिणेकडे मलाय द्वीपकल्पात, स्टिक्टोस कंबोडियात, सियामओरिएंटालिस थायलंडच्या पूर्व भागात. आणि महाचाय तर बँकॉकला लागून असलेल्या समुत साखोनच्या भागात, नीपा पामच्या झाडांखाली, जिथे भरतीचं मचूळ पाणी येतं तिथे. मधे डोंगर, नद्यांची खोरी, पाण्याचा खारेपणा. जिथे दोन जातींच्या हद्दी टेकतात तिथे थोडीफार सरमिसळ निसर्गातही होऊ शकते, पण ती हजारो वर्षांच्या वेगाने. माणूस दोन जाती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एका रात्रीत एका टँकमध्ये आणतो.

बिघडलं काय मिसळले तर? उलट हायब्रिड दणकट असतात, रंग पण भारी येतो.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि यात तथ्य नाही असं नाही, पहिल्या पिढीचे हायब्रिड खरंच जोमदार दिसतात. पण आपल्याकडे गाईंचं काय झालं ते बघा. दूध वाढावं म्हणून जर्सी आणि होल्स्टीनशी संकर केले, दूध वाढलंही, पण आज गावात शुद्ध डांगी शोधायला निघालात तर किती फिरावं लागतं? डांगी कोकणच्या, इगतपुरीकडच्या धो धो पावसात चिखलात उभी राहणारी गाय, तो गुण संकरित गाईत कुठून आणणार. आणि तिथे निदान कळपाची नोंद ठेवणारे लोक आहेत. माशाची कोण ठेवतंय.

महाचायचंच घ्या. मचूळ पाण्यात, नीपाच्या बुंध्यापाशी साचलेल्या चार ओंजळी पाण्यात जगायची जी ताकद आहे ती त्या माशाने तिथेच राहून मिळवलेली आहे. त्यात गोड्या पाण्याच्या टबात, पेलेट खाऊन, मोठ्या परांसाठी निवडलेल्या माशाचं रक्त आलं तर त्या ताकदीची घडी विस्कटते. पहिल्या पिढीत कळत नाही, कधीकधी दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत जगण्याची क्षमता खाली येते, कारण दोन्हीकडच्या जुळलेल्या जनुकांचे संच फुटतात.

दुसरं म्हणजे संख्येचं गणित. जंगली मासे एका डबक्यात थोडे आणि पाळीव लाखोंनी. थोड्यांमध्ये पुष्कळ मिसळत राहिले तर थोडे विरघळून जातात, मीठ पाण्यात विरघळावं तसे. पाण्यात मासे असतातच, फेसाचे घरटे असतात, पिल्लं फिरतात, वरून बघणाऱ्याला सगळं आबादीआबाद वाटतं, आणि ती जात मात्र गेलेली असते. नामशेष होण्याचा हा प्रकार मला सगळ्यात भीतीदायक वाटतो कारण यात कोणाला मेलेला मासा दिसतच नाही.

हे खरंच झालंय का, की नुसती शक्यता?

झालंय. २०२२ मध्ये सायन्स ॲडव्हान्सेस या जर्नलमध्ये एक अभ्यास आला, पाच जवळच्या जातींच्या ९८ माशांचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळी जनुकीय माहिती, वाचली होती. त्यात मिसळ दोन्ही दिशांनी सापडली, म्हणजे पाळीव फायटरमध्ये इतर जंगली जातींचे अंश, आणि जंगली जातींमध्ये पाळीव फायटरचे. पहिली गोष्ट शौकिनांना माहीतच होती, चमकणारे कॉपर आणि मेटॅलिक रंग जंगली जातींशी क्रॉस करून आले असं जुने ब्रीडर सांगतातच. दुसरी गोष्ट जास्त काळजीची.

माशांच्या बाबतीत हे पहिल्यांदा घडतंय असंही नाही. थायलंडमध्येच देशी मांगूर आणि आफ्रिकन मांगूर यांचा संकर शेततळ्यांमध्ये इतका वाढवला गेला की आफ्रिकन माशाचे अंश जंगली देशी मांगूरमध्ये उतरलेले आढळले. हा आफ्रिकन मासा म्हणजेच आपण ज्याला 'थाई मांगूर' म्हणतो तो, ज्याच्यावर भारतात २००० पासून बंदी आहे आणि तरी भिवंडीकडे तळी सापडली, मासे नष्ट केले, अशा बातम्या अजून येतात.

पाळीव फायटर थायलंडमधल्या ओढ्यात पोचतात कसे?

नाखोन पाथोम आणि आसपास बेट्टाची मोठी पैदास होते. एका जोडीपासून शेकडो पिल्लं, त्यातली चांगल्या परांची विकायची, वाकड्या शेपटीची आणि फिक्या रंगाची उरतात. त्यांना मारवत नाही किंवा खायला घालायचा खर्च नको, मग मागच्या कालव्यात. पावसाळ्यात टाक्या भरून वाहिल्या की काही आपोआप जातात. झुंजीसाठी मासे पाळणारे लोक पूर्वीपासून जंगली नर पकडून पाळीव माद्यांशी लावत आलेत, तेही आहेच. कोणी वाईट हेतूने करतं असं मला वाटत नाही, थायलंडने तर २०१९ मध्ये या माशाला राष्ट्रीय जलचर जाहीर केलंय, तिथे लोकांचं त्याच्यावर मनापासून प्रेम आहे.

म्हणजे हायब्रिड हाच सगळ्यात मोठा धोका?

नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. सगळ्यात मोठा धोका राहायची जागा जाणं. मलेशिया, सुमात्रा, बोर्निओमधल्या पीटच्या (अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या थराच्या) दलदली, जिथलं पाणी चहासारखं काळपट आणि पीएच चारच्या खाली असतो, तिथे कोक्सिना गटातले इवलेसे लाल बेट्टा राहतात. त्या दलदलीत चर खणून पाणी काढतात, पाम तेलाची लागवड होते, सुकलेला पीट पेटतो. पर्सेफोन, मिनिओपिन्ना अशा जाती अगदी छोट्या भागात उरल्यात. त्यांना पाळीव फायटरने काही केलेलं नाही.

पण दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून आहेत. जागा गेली की उरलेले मासे एखाद्या कालव्यात किंवा शौकिनांच्या टँकमध्येच असतात, आणि तेही मिसळले तर मागे ठेवलेली शिल्लकही बुडाली. बँकेत एफडी आहे म्हणून निवांत असावं आणि मोडायला गेल्यावर कळावं की पावती खोटी आहे, तसं.

मुंबईत बसून आपण काय बिघडवणार? इथे वाइल्ड बेट्टा नाहीतच.

बरोबर, भारतात बेट्टाची एकही मूळ जात नाही. आपण पवईत फायटर सोडला तर तो कुठल्या महाचायशी जमणार नाही. आपण बिघडवतो ते वेगळ्या मार्गाने, लेबलने.

देवगड हापूस लिहिलेल्या पेटीत कर्नाटकचा आंबा निघतो तेव्हा आपल्याला किती राग येतो, २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तोही याचसाठी. माशांचं तसंच आहे फक्त राग कोणाला येत नाही. कुर्ल्यात, क्रॉफर्ड मार्केटमध्ये, इन्स्टावर, 'वाइल्ड' लिहिलं की भाव दुप्पट होतो. घेणारा विश्वासाने घेतो, पिल्लं काढतो, तोच शब्द लावून पुढे देतो. चार हातांतून गेलं की देशभरात त्या नावाचे जे मासे आहेत ते कशाचे आहेत हे कोणालाच सांगता येत नाही.

माझं स्वतःचं सांगते. तीन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 'एफ वन इम्बेलिस' (एफ वन म्हणजे जंगलातून आणलेल्या जोडीची पहिली पिढी) म्हणून जोडी मागवली. मासे सुंदर होते, शेपटीला ती लाल चंद्रकोर, अंगावर निळसर हिरवे खवले. दोन महिने जपून खायला घातलं, मग नराने पानाखाली घरटं बांधलं, पिल्लं झाली, रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी आर्टेमिया, म्हणजे बारीक कोळंबीसारखे जिवंत किडे, उबवून घालायचे. चाळीसेक पिल्लं वाढली. साडेतीन महिन्यांची झाली तेव्हा एका रविवारी एकेकाला काचेच्या ग्लासात घेऊन खिडकीत धरत होते, आणि एका पिल्लाच्या अंगावर पांढरट गुलाबी डाग. आधी वाटलं फंगस. दुसऱ्या पिल्लाला शेपटीत रंगाचे तुकडे, एकाला मागचा पर इतरांच्या दीडपट लांब. फंगस नव्हतं, तो मार्बल होता, म्हणजे अंगावर वेगवेगळ्या रंगांचे विखुरलेले डाग. मार्बल म्हणजे पाळीव फायटरची खूण, जंगली इम्बेलिसमध्ये तो येतच नाही. विक्रेत्याला फोटो पाठवले तर म्हणाला मॅडम निसर्गात असं होतं. वाईट पैशांचं नाही वाटलं, त्याआधीच मी त्यातली सहा पिल्लं ठाण्याच्या एका मुलाला 'इम्बेलिस' म्हणून दिली होती त्याचं वाटलं. त्याला फोन करून सांगितलं तेव्हा कुठे झोप लागली.

मग खरा वाइल्ड ओळखायचा कसा?

नुसतं बघून शंभर टक्के ओळखता येत नाही, हे आधी मान्य करायचं. पण खोटा बरेचदा पकडता येतो. मोबाइलचा टॉर्च बाजूने मारा आणि गालावर, म्हणजे कल्ल्याच्या झाकणावर बघा. स्प्लेंडेन्सच्या गालावर दोन लालसर उभ्या रेघा असतात. महाचायच्या गालावर दोन निळ्या-हिरव्या चमकत्या पट्ट्या. इम्बेलिसच्या गालावर पण निळी-हिरवी झाक, लाल रेघ नाही. स्मॅरॅग्डिनाचा अख्खा गाल चमकत्या खवल्यांनी भरलेला, सापाच्या कातडीसारखा. महाचाय म्हणून दिलेल्या माशाच्या गालावर लाल रेघ दिसली तर तिथेच थांबा.

बाकी लांब पर, डबल शेपटी, मार्बलचे ठिपके, दुधाळ अपारदर्शक रंग, एकसारखं लालभडक अंग, हे सगळं पाळीव रक्त सांगतं. आणि एक मासा बघू नका, भावंडं बघा. शुद्ध ओळीत भावंडं एकसारखी असतात, हायब्रिडमध्ये सात भावंडांचे सात नमुने.

सगळ्यात भरवशाची गोष्ट मात्र माशात नसतेच, विकणाऱ्याच्या उत्तरात असते. आईबाप कुठून आले, कोणत्या ठिकाणचे, कितवी पिढी, हे विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडून घेऊ नका.

हायब्रिड झालाच तर परत शुद्ध जातीशी क्रॉस करत राहिलं की शुद्ध होईल ना?

दिसायला होईल. पहिल्या पिढीत परका अंश अर्धा, मग सरासरी २५ टक्के, १२.५, ६.२५, आणि पाचवी पिढी येईपर्यंत साधारण ३ टक्के. तोपर्यंत मासा डोळ्यांना अगदी खरा वाटतो आणि नेमकं तेच वाईट आहे, कारण मग कोणी शंका घेत नाही. पर लांब करणारं एखादं जनुक त्या उरलेल्या तुकड्यात लपून बसलेलं असू शकतं. शिवाय तुम्ही ज्या पिल्लांना निवडता ती दिसण्यावरून, म्हणजे तपासायचं तेच झाकून टाकता.

एलियन बेट्टा मला आवडतात. पाळू नको का?

पाळा की. एलियन म्हणजे जंगली जाती आणि पाळीव मेटॅलिक ओळी यांच्या मिश्रणातून केलेला मासा, देखणा असतो यात वाद नाही. त्याला एलियनच म्हणा, हायब्रिडच म्हणा, 'वाइल्ड टाइप महाचाय' म्हणू नका. माझा विरोध माशाला नाही, नाव बदलण्याला आहे. आणि खरी ओळ हातात असेल तर ती एलियन बनवण्यात खर्च करू नका एवढी कळकळीची विनंती.

माझ्याकडे हायब्रिड निघाले. आता काय करू? तलावात सोडू?

तलावात अजिबात नाही. इथे वाइल्ड बेट्टा नसले तरी टँकमधले रोग असतात, देशी छोटे मासे असतात, आणि फायटर तग धरू शकतो. ऑस्ट्रेलियात ॲडलेड नदीच्या पूरमैदानात तो असाच सोडलेल्यांमधून स्थायिक झालाय.

माझे हायब्रिड बहुतेक माझ्याकडेच राहिले. नर वेगळे, माद्या एका मोठ्या टँकमध्ये, पिल्लं नाही काढली. काही मासे शेजारच्या मुलांना दिले, 'मिक्स आहे, जोडी लावायची नाही' असं बरणीवर लिहून. शेवटचा गेल्या गणपतीच्या सुमारास गेला, चांगला जगला.

दोन वाइल्ड जाती एका टँकमध्ये ठेवल्या तर?

नको. एकाच गटातल्या तर नकोच. मधे जाळी असली तरी नको, उडी मारतात. तोंडात अंडी धरणाऱ्यांमध्ये अल्बिमार्जिनाटा आणि चॅनॉइड्स दिसायला इतके जवळ आहेत की माद्या एकदा मिसळल्या तर तुम्हालाच वेगळ्या करता येणार नाहीत. मासे पकडायची हातजाळी पण प्रत्येक टँकची वेगळी, शक्यतो. पिल्लू हातजाळीला चिकटून दुसऱ्या टँकमध्ये गेलेलं मी स्वतः बघितलंय.

जंगलातून पकडलेले घ्यावेत की घरी वाढवलेले?

साधारण घरी वाढवलेले, नोंद असलेले. फार कमी ठिकाणी उरलेल्या जातींचे पकडलेले मासे केवळ हौस म्हणून घेऊ नका. आपल्याकडे मिस केरळ नावाच्या माशाचं काय झालं आठवा, पश्चिम घाटातल्या ओढ्यांतून ॲक्वेरियमसाठी इतका उपसला की तो धोक्यातल्या यादीत गेला.

आपल्या टँकमधले मासे कधी तिकडे परत सोडता येतील का?

आपण सोडू शकत नाही आणि सोडूही नये. असं काम त्या देशातल्या शास्त्रज्ञांनी, जनुकं तपासून, रोग तपासून, आणि मुख्य म्हणजे जागा शाबूत असेल तरच करायचं. पण त्यांना कधी गरज पडली तर जगात कुठेतरी न मिसळलेली ओळ असावी लागते. इंटरनॅशनल बेट्टा काँग्रेसचा जंगली जाती सांभाळायचा एक कार्यक्रम आहे, केअर्स नावाचा उपक्रमही धोक्यातल्या जातींसाठी शौकिनांना एकत्र आणतो. आपल्याकडे हेच काम करायला चार घरं मिळून पुरतात, एकाच जातीची, एकाच ठिकाणची ओळ चौघांनी ठेवायची आणि दर दोन पिढ्यांनी नर अदलाबदल करायचे, म्हणजे भाऊ-बहिणींच्याच जोड्या लागत राहत नाहीत. आम्ही तिघे जण महाचायसाठी हे करतोय, भांडुप, डोंबिवली आणि वसई. चौथं घर शोधतोय.

ठेवायला अवघड आहेत का?

स्प्लेंडेन्स गटातले नाहीत. घट्ट झाकण, सावली, मंद फिल्टर, जिवंत खाणं. मुंबईच्या नळाचं पाणी क्लोरिन काढून चालतं. आणि देशी बदामाची वाळलेली पानं, जी बाजारात पाकिटात विकतात. आमच्या सोसायटीच्या गेटपाशी दोन बदाम आहेत, हिवाळा सरता सरता पानं लाल होऊन गळतात. आमचे वॉचमन काका संगमेश्वरचे, झाडताना मोठी न फाटलेली पानं वेगळी काढून मीटरच्या पेटीवर ठेवतात आणि मी आले की म्हणतात, "ताई, तुमच्या माशांचा बिछाना ठेवलाय." धुऊन, उन्हात कडक वाळवून एक पान टाकलं की दोन दिवसांत पाणी चहासारखं होतं आणि नर त्याच्याखाली घरटं बांधतो.

नोंद ठेवा म्हणता, म्हणजे नक्की काय लिहायचं?

फार काही नाही. वही घ्या, मोबाइलवर ठेवली तर हरवते. टँकवर पण चिकटपट्टी लावा, आणि मासा दुसऱ्याला देताना पिशवीवर हेच सगळं परत लिहा. माहीत नसेल तिथे 'माहीत नाही' लिहा, अंदाज लिहू नका. माझ्या टँक क्रमांक तीनवर आत्ता हे चिकटवलंय:

महाचायेन्सिस. मूळ ठिकाण समुत साखोन, विकणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे, पुरावा नाही. माझ्याकडची तिसरी पिढी. नर वसईचा, मादी माझी. गालावर लाल रेघ एकाही पिल्लाला नाही, २६ पिल्लं तपासली. इतर कुठल्याही बेट्टाशी जोडी लावलेली नाही.